उलटा कापलेला पुठ्ठा

उन्हाळ्याच्या सुट्टीत नात आपलीच, हे बाइंडर आजोबांनी गृहीतच धरलं होतं. पुस्तकबांधणीचं दुकान बंद करून घरी बसल्यापासून त्यांचं ऐकून घेणारं दुसरं होतं तरी कोण? दुपारभर ती त्यांच्या शेजारी बसून खळ कालवायची, फाटकी पुस्तकं शिवायची. यंदा मात्र सूनबाईंनी तिला शाळेमागच्या हॉलमध्ये भरणाऱ्या शिबिरात घातलं. फी अगदी नावापुरती. त्या बदल्यात प्रत्येक घरातल्या एका मोठ्या माणसाने एक दिवस तिथे राबायचं.

पहिल्याच आठवड्यात नातीच्या तोंडून घरात टपालकाका शिरले. हे निवृत्त पोस्टमन शिबिरात हस्तकला शिकवायचे. टपालकाका शीळ घालतात. टपालकाकांना तीनदा कुत्रा चावलाय. टपालकाका म्हणतात, भाजी नीट चावून खावी. हीच गोष्ट आजोबा चार वर्षं सांगत होते, तेव्हा भाजी ताटातच राहायची.

"कुत्री काही उगाच चावत नाहीत," ते एकदा पुटपुटले. सूनबाईंना हसू आवरेना.

मदतीच्या दिवशी आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. शिबिराच्या बाईंनी त्यांना पाण्याच्या पिंपाशी बसवलं. पेले विसळता विसळता त्यांनी पाहिलं, तर टपालकाका मुलांकडून वह्या बांधून घेत होते. हॉलमध्ये जन्मभराचा बाइंडर बसलेला, आणि वह्या बांधतोय पोस्टमन! त्यात पुठ्ठे उलटे कापलेले. पुठ्ठा एका अंगाने सहज वाकतो, दुसऱ्या अंगाने अडतो. सहज वाकणारं अंग वहीच्या पाठीच्या बाजूने यावं लागतं, नाहीतर खळ वाळली की वही पन्हळीसारखी वाकते.

एक शब्द पुरे होता. नातीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा. आजोबांनी नजर पेल्यात घातली. होऊ दे फजिती, असं मनात आलं आणि जिवाला इतकं गार वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण तोंड काही उघडलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी नात वही पाठीमागे लपवून घरी आली. सगळ्यांच्या वह्या वाकड्या झाल्या होत्या. धाकटी मुलं रडली होती.

"मग काय म्हणाले तुमचे काका?" आजोबांनी मुद्दाम विचारलं.

"त्यांची नाही, माझीच चूक आहे," ती म्हणाली. "पुठ्ठा वाकवून बघितला तेव्हा मला शंका आली होती. काका म्हणाले, आजोबांना विचारून ये. मी म्हटलं, ते बघतायत की. चुकत असतं तर ते गप्प बसलेच नसते."

आजोबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तुम्हाला तिथून दिसलं नसेल ना? लांब होतं."

हो म्हणून सुटता आलं असतं.

"दिसलं होतं," ते म्हणाले.

नातीने वही दप्तरात कोंबली आणि आत निघून गेली.

सकाळी आजोबा पुठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन तिच्याबरोबर निघाले. ती चार पावलं पुढेच चालत होती. फाटकात टपालकाका दिसताच ती धावत सुटली. आजोबांना ते पुन्हा टोचलं. तरी ते मागोमाग आत गेले, आणि सगळ्या मुलांसमोरच बोलले.

"अहो, परवा मला सगळं दिसत होतं. मी मुद्दाम बोललो नाही."