दारात येऊन गेलेला उमेदवार

ते पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. कपडे बेतायच्या खाकी कागदाच्या तुकड्यावर पेनानं लिहिलेलं, ठळक, न अडखळणारं अक्षर.

‘स. न. वि. वि. परवा आपण माझ्या दारात आलात. पाणी प्यालात. माझ्या चष्म्याचा ढिला झालेला स्क्रू नखानं घट्ट करून दिलात. मशीनबद्दल, गुडघ्यांबद्दल, पलीकडचं काम सुटल्याबद्दल मी बोलत राहिले आणि आपण ऐकत राहिलात. मग “बरं, येतो” म्हणून निघून गेलात. आपण कशासाठी आला होतात, ते मला अजून कळलेलं नाही. कळवावे. चष्मा आता घसरत नाही.’

मी मत मागायला गेलो होतो. आमच्या वॉर्डातून नगरपरिषदेच्या जागेसाठी मी उभा होतो, आणि शिवणकाम करणाऱ्या या बाईंना ते कळलंही नव्हतं. पत्रक माझ्या खिशातच राहिलं होतं.

उत्तर लिहायला मी रोज बसत होतो. एकदा ‘सदिच्छा भेट’ असं लिहिलं आणि कागद फाडला. एकदा ‘परिसरातील समस्या जाणून घेण्यासाठी’ असं लिहिलं, तोही फाडला. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्याच्या वाक्यातलं खोटं मला लगेच दिसतं, स्वतःच्या वाक्यातलं तर लिहायच्या आधीच.

उमेदवारीचा अर्ज माझ्या थोरल्या बहिणीनं आणून समोर ठेवला होता. ताईनं सगळी नोकरी तिकीट खिडकीत काढली. काचेच्या भोकातून समोरच्याला काय हवंय ते दोन शब्दांत विचारायचं आणि मग ‘पुढचे!’ म्हणायचं. तिच्या मते निवडणूक म्हणजे तेच, फक्त उलट्या बाजूनं.

“बेल वाजवायची,” ती जिन्यात मला सांगायची. “नाव सांगायचं. का उभा आहेस ते एका वाक्यात सांगायचं. मत मागायचं. आणि मग तोंड बंद, ते बोलेपर्यंत. यात अवघड काय आहे?”

“काही नाही.”

“मग काल त्या दाढी करणाऱ्या माणसाला काय म्हणालास?”

“तो अर्ध्या दाढीवर दार उघडायला आला होता. मी म्हटलं, चुकीच्या वेळी आलो, माफ करा.”

“आणि?”

“आणि त्यानं माफ केलं.”

“मत मागायला निघालोय आपण, माफी नाही. तुझ्या जागी मी असते ना, तर त्याला फेसासकट हो म्हणायला लावलं असतं.”

मग तीच का उभी राहिली नाही, असं मी एकदा विचारलंही. ती म्हणाली, “मला लोक ओळखतात.” सध्याच्या सदस्यांची पद्धत वेगळी होती. ते समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरायचे आणि सोडायचेच नाहीत. निदान हात परत मिळावा म्हणून माणूस हो म्हणायचा.

ताईच्या त्या यादीत मी अडायचो ते ‘का उभा आहेस’ इथं. कारण नव्हतं असं नाही. ते एका वाक्यात मावेल एवढंच होतं. पण ते तोंडातून बाहेर काढायची मला लाज वाटत होती.

आमच्या वस्तीला आणि पलीकडच्या भागाला जोडणारा कालव्यावरचा पूल परिषदेनं बंद केला होता. एक खांब खचला म्हणून दोन्ही टोकांना पत्रे ठोकले, आणि अहवाल आला की बघू, असं सांगितलं. अहवाल काही येईना. मी परिषदेला अर्जांवर अर्ज केले, प्रत्येकाला तेच छापील उत्तर आलं. पलीकडे इस्पितळ, कारखाने, गोदामं. फेऱ्यानं बसनं यायचं तर अर्धी सकाळ जाते. म्हणून लोक पुलाशेजारच्या पाण्याच्या जाड पाइपवरून चालत येतात. तसं येऊ नये म्हणून परिषदेनं टोकांना लोखंडी काटे लावले होते, ते कुणीतरी केव्हाच वाकवून ठेवले.

माझी मुलगी इस्पितळात परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून तीही पाइपवरूनच येते. घरी आली की म्हणते, “बसनं आले.” मी विचारतो, “गर्दी होती का?” ती म्हणते, “नेहमीसारखी.” आणि त्याच्या जरा आधी स्वयंपाकघराच्या खिडकीतून, गजांना धरून, मी तिला पाण्यावरून एकेक पाऊल टाकत येताना पाहिलेलं असतं.

एवढंच माझं कारण. एका बापाला सकाळी धडधडतं. ते घेऊन लोकांच्या दारात जायचं आणि मला निवडून द्या म्हणायचं, हे मला भीक मागण्याहून वाईट वाटायचं. म्हणून मी पाणी पीत होतो आणि स्क्रू घट्ट करत होतो.

ताईनं लाँड्रीच्या मागच्या खोलीत माझी सभा ठेवली. इस्त्रीची टेबलं भिंतीला लावून वीसेक माणसं बसली होती. मी घरून भाषण लिहून नेलं होतं. ‘पायाभूत सुविधांचा सर्वंकष विचार’ असं काहीतरी त्यात होतं. वाचताना माझं मलाच ऐकू येईना. पहिल्या रांगेतला माणूस टेबलावरच्या कुणाच्या तरी शर्टाची कॉलर मन लावून बघत होता. पूल हा शब्द भाषणात एकदा आला, तोही ‘इत्यादी’च्या आधी. मुलगी कामावर जाता जाता दारापाशी उभी राहून ऐकत होती. लोक पांगल्यावर मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो.

“बाबा, तुम्ही निवडणूक लढवताय की पुस्तकाची प्रस्तावना लिहिताय?”

“वाईट झालं का?”

“वाईट नाही. पुस्तक चांगलं असेल असं वाटलं.”

ती हसत बसमध्ये चढली. घरी येऊन मी खाकी कागद काढला, वाचला, परत ठेवला. खुर्चीत बसवेना. पुस्तक उघडलं तर एकच ओळ पुन्हापुन्हा डोळ्यांखालून जाई. सकाळ झाल्याचं कळलं ते दूधवाल्यानं पिशवी ठेवल्यावर.

दूध गॅसवर ठेवून मी खिडकीशी गेलो. ती पाइपच्या मध्यावर होती. अलीकडून बेकरीचा माणूस डोक्यावर पावाचा ट्रे घेऊन चढला होता. दोघं अगदी जवळ आल्यावर थांबले. त्या पाइपवर दोघांना जागा नाही. त्यानं काहीतरी म्हटलं, तिनं मान हलवली. आणि ती मागे चालू लागली, वळता येत नव्हतं म्हणून तशीच उलटी, मागे पाय सरकवत, टाचेनं पाइपवरच्या लोखंडी पट्ट्या चाचपत. एकदा तिचे दोन्ही हात वर गेले. मी ओरडलो असेन. आवाज निघाला की नाही, ठाऊक नाही. ती टोकाला पोचली, तो उतरला, त्यानं ट्रेमधला एक पाव काढून तिला दिला. मग ती पुन्हा चढली आणि या बाजूला आली.

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती.

“कसला वास येतोय?” दारात बूट काढता काढता तिनं विचारलं. “मी बसनं आले. बसमध्ये एकानं हा पाव दिला बघा.”

“तू उलटी चालत होतीस,” मी म्हटलं.

एक बूट हातात, एक पायात, अशी ती तिथंच थांबली.

“कुठून पाहिलंत?”

“इथून.”

“आजच?”

“रोज बघतो.”

ती स्टुलावर बसली. “आणि रोज विचारता, गर्दी होती का!”

“तूही रोज सांगतेस, नेहमीसारखी.”

एरवी आम्ही हसलो असतो.

“म्हणून उभे राहिलात होय? मला वाटलं, आत्यानं ढकललं.”

“ढकललं तिनंच. पण उभा राहिलो ते त्यासाठी.”

“मग सांगत का नाही लोकांना?”

“काय सांगू? माझी मुलगी नीट घरी यावी म्हणून मत द्या? सगळ्या वॉर्डानं माझ्या एकट्याच्या काळजीसाठी रांगेत उभं राहायचं? शोभतं का ते?”

तिनं दुसरा बूट ओढून काढला आणि जरा जोरातच खाली टाकला. “एकट्याच्या? बाबा, खिडकीतून तुम्हाला फक्त मी दिसते. मी उतरते तेव्हा पुढची माणसं चढायला थांबलेली असतात. गोदामातले हमाल, शाळेच्या मावशी. आणि ज्यांना चढवत नाही त्यांनी पलीकडची कामंच सोडली. विचारा कुणालाही.”

विचारायची गरज नव्हती. मला सांगितलेलं होतं. गुडघे दुखतात म्हणून कारखान्याचे कपडे आणायला जाता येत नाही, बसच्या फेऱ्यानं परवडत नाही, काम सुटलं, हे सगळं त्या बाई मशीनपाशी बसून मला सांगत होत्या आणि मी त्यांचा चष्मा हातात घेऊन सहानुभूतीनं मान हलवत होतो. त्यांना वाटलं असेल, हा माणूस आता म्हणेल, त्यासाठीच आलोय. मी म्हणालो, बरं, येतो.

मुलगी झोपायला गेली. मी ओट्यावरचं दूध पुसलं आणि तिथंच कागद घेऊन बसलो. या वेळी फाडला नाही.

‘मी तुमचं मत मागायला आलो होतो. मागता आलं नाही. पूल बंद असल्यानं माझी मुलगी रोज पाइपवरून येते आणि ती पडेल अशी मला भीती वाटते. हे कारण फक्त माझ्यापुरतं आहे असं समजून मी गप्प राहिलो. तुम्ही तुमचं काम सुटल्याचं सांगितलंत, तेव्हाही त्यामागे तोच पूल आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. पूल उघडून घेण्याइतका खमकेपणा माझ्यात आहे की नाही याची मला शंका आहे. पहिल्या बैठकीत कदाचित माझ्या तोंडून शब्दही फुटणार नाही. पण दुसऱ्या बैठकीत मी त्याच खुर्चीवर असेन, आणि अहवाल कुठं आहे हे विचारीन, आणि तो मिळेपर्यंत विचारत राहीन. मला मत द्याल का?’

तेवढ्यात ताई पत्रकांचा गठ्ठा काखेत मारून आली. तिनं उभ्यानंच वाचलं. दोनदा.

“ते ‘कदाचित’ काढ.”

“ते खरं आहे.”

“आणि ती शंका कशाला हवी?”

“तीही खरी आहे, ताई.”

तिनं कागद परत माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाली, “अरे पण ती बाई दोन गल्ल्या सोडून तर राहते. पत्र कसलं टाकतोस? चल, आत्ता जाऊ.”

“समोर गेलो तर मी पुन्हा काहीतरी दुरुस्त करून परत येईन.”

हे तिला पटलं.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाशी टपालपेटी आहे. तिथवर ती माझ्याबरोबर आली, आरोपीबरोबर पोलिसानं यावं तशी. मी पाकीट फटीत धरलं. ‘मला मत द्याल का’ हे फार उघडं झालं असं वाटलं. शेवटी ‘कृपया’ हवं होतं का? की नसलेलंच बरं?

“टाक.”

मी सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी माझा हात फटीत गेला, मनगटापर्यंत.

“बाहेर काढ तो हात,” ताई दबक्या आवाजात म्हणाली. “लोक बघतायत. उमेदवार आहेस तू.”