खुबा बदलायच्या आधी

मंगलाबाईंनी चार वर्षं कंबरेला पट्टा बांधला. तेल चोळून घेतलं, शेक घेतले, कुणी सांगितलं म्हणून दोनदा चटकेही देऊन घेतले. फेब्रुवारीत डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि सांगितलं की मूळ दुखणं कंबरेत नाहीच, उजव्या खुब्यात आहे. सांध्यातला गोळा झिजून चपटा झालाय. तुम्ही लंगडत चालता, म्हणून सगळा भार कंबरेवर येतो आणि ती दुखते. खुबा बदलावा लागेल.

शेजारी बसलेल्या मुलीने, सोनालीने, तोंडावर हात नेला. मंगलाबाई म्हणाल्या, "बरं."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "मावशी, समजलं ना? ऑपरेशन मोठं आहे."

"समजलं ना. बदला."

त्यांना खरंच काही वाटलं नव्हतं. घाबरायला हवं, हे कळत होतं. पण आत हात घालावा आणि डबा रिकामा निघावा, तसं झालं होतं. दुखण्याची इतकी सवय होऊन गेली होती की बाकीचं काही वाटायला जागाच राहिली नव्हती. सकाळी उठायचं, भिंत धरायची, कंबर सरळ होईपर्यंत थांबायचं, मग चालायचं. दिवस तसेच एकामागून एक जात होते.

अमळनेरकडून सुरतेत येऊन त्यांना बत्तीस वर्षं झाली होती. पर्वत पाटियाच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं घर. नवरा हेमराज तीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, उभा राहिला. मशीनच्या खडखडाटात त्याचे कान गेले. आता मोठ्याने ओरडलं तरच त्याला ऐकू येई. मंगलाबाई घरी साड्यांचे सुटे धागे कापायच्या. जमिनीवर गाठोडं सोडायचं, एक पाय पसरायचा, साडी मांडीवर ओढायची आणि कात्री चालवायची. दिवसाला साठ-सत्तर साड्या.

कंबर दुखायला लागली तेव्हा सुरुवातीला त्यांनी हेमराजला सांगून पाहिलं होतं. पण दुखणं ओरडून सांगायची वस्तू नाही. "कंबर दुखस!" असं त्यांनी ओरडून सांगितलं, की समोरची ज्योती दारात यायची, वरच्या मजल्यावरून कुणी डोकावायचं, आणि हेमराज तेवढं विचारायचा, "काय?" मग त्यांनी सांगणंच सोडून दिलं.

ऑपरेशनची तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली मिळाली. सरकारी कार्डावर होणार होतं. आदल्या दिवशी दाखल व्हायचं म्हणून सोनाली कामरेजहून आली. पिशवी भरून, सासूच्या हातात घर सोपवून आठ दिवस राहायच्या तयारीनेच आली होती. दवाखान्यात रक्त तपासलं, लघवी तपासली आणि दुपारी नर्सने सांगितलं की लघवीत जंतू निघालेत. असं असताना नवीन सांधा बसवला तर तो आतून सडू शकतो. आधी गोळ्या, पुन्हा तपासणी, मग नवी तारीख. तीन आठवडे तरी जातील.

सोनाली व्हरांड्यातल्या बाकावर बसून रडली. प्रवीणने, तिच्या नवऱ्याने, रजा काढून ठेवली होती, ती वाया गेली. मंगलाबाईंनी पिशवी उचलायला हात पुढे केला.

"आई, तुला काहीच कसं वाटत नाही गं?" सोनाली म्हणाली. "मला सांग ना, राग येतो का? भीती वाटते का?"

मंगलाबाईंनी थोडा विचार केला. "कंबर दुखते," त्या म्हणाल्या. "रिक्षात खड्डे कमी लागतील अशा रस्त्याने जाऊ."

निघण्याआधी दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या शीतलबेननी त्यांना थांबवून घेतलं. पंचविशीची, चपळ गुजराती मुलगी. तिने हातात काठी दिली. मंगलाबाईंनी ती उजव्या हातात धरली, तशी ती हसली. "ना मासी, डाबा हाथमां." काठी डाव्या हातात, दुखऱ्या बाजूला नाही. उजवा पाय आणि डावा हात बरोबर पुढे टाकायचे. जमिनीवर बसणं बंद. खाली बसून धागे कापणं आजपासून बंद. झोपताना कुशीवर, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी. अर्ध्या तासाच्या वर एका जागी बसायचं नाही. शेक पंधरा मिनिटं, जास्त नाही. खुबा बदलेपर्यंत कंबर सांभाळायची एवढंच आपल्या हातात आहे, असं ती म्हणाली आणि चित्रं छापलेला एक कागद दिला.

घरी आल्यावर मंगलाबाईंनी कागद देवळीत ठेवला. दुसऱ्या दिवशी साड्यांचं गाठोडं परत पाठवलं. मग त्या खाटेवर बसून राहिल्या. खाट बुटकी होती. उठताना पुढे वाकावं लागे, आणि वाकलं की कंबरेतून खुब्यापर्यंत कळ जाई. त्या ओठ आवळून उठत, ओट्यापर्यंत जात, भाजी फोडणीला टाकत, परत येऊन बसत.

तिसऱ्या दिवशी हेमराज सकाळी कुठेतरी गेला आणि बांधकामावरून आठ विटा घेऊन आला. एकेक पाय उचलून त्याने खाटेच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा ठेवल्या, हलवून पाहिली, मग म्हणाला, "आते बस. बस आनि ऊठ पाहू."

मंगलाबाई बसल्या आणि उठल्या. वाकावं लागलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्याने शर्टाच्या खिशातून शीतलबेनचा तो कागद काढला आणि उंच खुर्चीच्या चित्राखालच्या ओळीवर बोट ठेवलं. "आठे लिखेल शे."

त्या दिवसापासून तो कागद त्याच्याच खिशात राहिला. सकाळी चित्र बघून तो सांगायचा, पाय उचल, पाच होईपर्यंत धर, ठेव. त्या कण्हल्या तरी ऐकू येणार नाही, म्हणून तो त्यांच्या तोंडाकडे बघत आकडे मोजायचा. एकदा पाय उचलताना तो मध्येच थांबला.

"दुखी ऱ्हायनं ना?"

मंगलाबाईंनी मान हलवली. नाही.

"खोटं नको बोलू," हेमराज म्हणाला. "दुखस तवय तू खालना ओठ आत लेस."

त्यांनी पाय खाली ठेवला. मग त्यांनी ओरडूनच विचारलं, दार उघडं आहे याची पर्वा न करता, "तुम्हले कवयपाशी माहीत शे?"

"चार वरीस व्हयनात."

"मंग बोलनात का नई?"

हेमराजने कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "तू सांगे नई. माले वाटनं, तुले इचारेल आवडाव नई."

म्हणजे चार वर्षं तो समोर बसून बघत होता. जेवताना, पाणी आणताना, पहाटे भिंत धरून उभं राहताना. आणि त्या समजत होत्या की या घरात हे कुणालाच ठाऊक नाही. मंगलाबाईंना वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. छातीत काहीतरी हललं आणि परत जागच्या जागी बसलं, एवढंच. पाय पुन्हा उचलून त्या म्हणाल्या, "मोजा." तो मोजायला लागला.

तीन आठवड्यांत कंबर पूर्वीच्या मानाने थोडी सैल झाली. बरी झाली असं नाही. पण उशी घेतली की तीन-चार तास सलग झोप लागायची, आणि काठी डाव्या हातात घेतली की संडासापर्यंत जाताना भिंत लागत नसे. संडासात प्रवीणने कमोडची खुर्ची आणून ठेवली होती. सासूला ती देताना त्याचा चेहरा लाजेने लाल झाला होता. त्या मात्र लाजल्या नाहीत. "चांगली मजबूत आहे," म्हणाल्या.

पुन्हा तपासणी झाली, जंतू गेले होते. महिना संपता संपता ऑपरेशन झालं.

पाठीत सुई दिली तेव्हा पाय आधी गरम झाले, मग जड झाले, मग नव्हतेच. छातीपुढे हिरवा पडदा ओढला. आणि मंगलाबाईंच्या लक्षात आलं की कंबर दुखत नाहीये. कमी दुखत नव्हती, अजिबातच नव्हती. चार वर्षांत पहिल्यांदा. पडद्यापलीकडे हातोडीचे ठोके पडत होते, त्यांचं अंग त्या ठोक्यांबरोबर हलत होतं, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. न दुखणारी कंबर कशी असते, ते त्या पडल्या पडल्या आठवून बघत होत्या. भुलीच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या कडेचं पाणी टिपलं आणि विचारलं, काही होतंय का. त्या म्हणाल्या, "नाही. काहीच होत नाही."

भूल उतरली तशी कंबर परत आली. जखमही ठणकायला लागली. दुसऱ्या दिवशी शीतलबेननी वॉकर धरून उभं केलं. मंगलाबाईंनी उजव्या पायावर भार दिला. खुब्यातली ती जुनी, हाडाला हाड घासणारी कळ नव्हती. त्यांनी आणखी भार दिला. नव्हती.

"कंबर?" शीतलबेनने विचारलं.

"ती आहे."

"राहील काही महिने. चार वर्षांचं वाकडं चालणं आहे, मासी. हळूहळू जाईल. सगळं जाईलच असं नाही."

श्रावण आला तोवर त्या घरात काठीविना फिरायला लागल्या होत्या. चाल सरळ झाली होती. कंबर दुपारनंतर दुखायची, पण निम्मी. धागे कापायचं काम पुन्हा घेतलं नाही. ठेकेदाराने टेबलावर करा म्हणून दोनदा निरोप धाडला, त्यांनी नको म्हटलं. दिवसाचं काय करायचं, हे मात्र अजून ठरलं नव्हतं. बराच वेळ त्या दारात खुर्ची टाकून नुसत्या बसत. मन अजून जागेवर यायचं होतं.

त्या वर्षी कानबाई, खान्देशची श्रावणातली देवी, ज्योतीच्या घरी बसली. सोमवारी सकाळी तापीवर शिरवायला, विसर्जनाला, निघाली तेव्हा गल्लीतल्या सगळ्या खान्देशी बाया नव्या साड्या नेसून जमल्या. बँड लागला. कंबर दुखायला लागण्याआधी दरवर्षी मंगलाबाई फुगड्या घालत नाक्यापर्यंत जायच्या. यंदा काठी घेऊन त्या मागून चालल्या. विजेच्या तिसऱ्या खांबापाशी कंबरेने साथ सोडली. पुढे बायांचा घोळका नाचत चालला होता, कुणाचं मागे लक्ष नव्हतं. मंगलाबाई खांबाला टेकून उभ्या राहिल्या. थोडा वेळ थांबून पाहिलं. कळ थांबेना.

"ज्योती!" त्यांनी हाक मारली. बँडच्या आवाजात ती पोचली नाही. त्यांनी पुन्हा, जोरात मारली. "ज्योती! मन्ही कंबर दुखी ऱ्हायनी! खुर्ची आन!"

चार-पाच बाया वळून बघायला लागल्या. ज्योती धावत किराणा दुकानातली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली. उंच नव्हती, म्हणून तिने दुकानातलाच तांदळाचं अर्धं भरलेलं पोतं दुमडून वर ठेवला. मंगलाबाई त्यावर बसल्या, पाय सरळ केला आणि कानबाई नाक्यावरून वळेपर्यंत बघत राहिल्या.