शेवटच्या जुडीचं ह्युमिक

करडीच्या शिवारात धानाची रोवणी संपते त्या दिवशी मालकाला चिखल फासायचा, ही आम्हा रोवणाऱ्या बायांची जुनी रीत. त्याने जेवण कबूल करेपर्यंत सोडायचं नाही. मात्र एक अट आहे. रोपांची शेवटची जुडी रोवली की पाय चिखलात असतानाच त्याला गाठायचं. एकदा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन हातपाय धुतले की हक्क संपला.

ही अट आमच्यापेक्षा आमच्या मालकाला, वासुदेवरावांना, जास्त पाठ. माणूस पक्का चिकट. शेवटच्या चार जुड्या उरल्या की त्यांना हमखास मोहाडीचं काम आठवायचं. फटफटी सुरू, मालक गायब! आणि दुसऱ्या दिवशी वर तोंड करून म्हणायचे, "आता मी आलो तं तुमचे हात धुवून झाले. मी काय करू?" असा राग यायचा ना!

आमच्या टोळीची म्होरकी मनकर्णाबाई. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्यांच्या धानाच्या बांधीत वाकते आहे, पण त्यांच्या गालाला तिचं बोट कधी लागलं नव्हतं. त्यातून पुढच्या साली वासुदेवराव रोवणीची मशीन आणणार, अशी गावभर बोलवा. "औंदा नाही, तं कधीच नाही," मनकर्णाबाई म्हणाली. एरवी सगळ्यांना हसवणारी बाई, पण तेव्हा हसली नाही. मला तिचं वाईट वाटलं.

तिची पोरगी तेजस्विनी मोहाडीला कृषी केंद्रात कामाला आहे. युरिया टाकून टाकून वासुदेवरावांची जमीन कडक झालेली, धान पिवळं पडायचं, म्हणून ते तिच्याकडे उपाय विचारायला गेले. तिने ह्युमिक ॲसिडचा डबा पुढे ठेवला. पोरगी एक शब्द खोटं बोलली नाही. ह्युमिकने जमीन भुसभुशीत व्हायला मदत होते, टाकलेलं खत मुळांपाशी धरून राहतं, शेणखताला मात्र सुट्टी नाही. पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपांची, मुळं त्याच्या पाण्यात बुडवून रोवली तर पांढरी मुळं लवकर फुटतात. सगळं खरं.

"पन काका," ती शेवटी म्हणाली, "माप चुकलं तं मुळं खराब होतीन. थोडं थोडं घोळून रोवाच्या येळीच बुडवा लागते, शेवटच्या जुडीपर्यंत. बायांच्या भरवशावर नोका सोडू."

हे शेवटचं वाक्य तिला आईने शिकवून पाठवलं होतं.

झालं! यंदाच्या रोवणीभर वासुदेवराव घमेल्यापाशी बगळ्यासारखे उभे. मापाचं झाकण स्वतःच्या खिशात. आम्ही त्या कोऱ्या चहासारख्या पाण्यात मुळं बुडवायचो आणि ते वरून ओरडायचे, "निथळू द्या! निथळू द्या! थेंब वाया नोको!"

शेवटच्या दिवशी दुपार कलली आणि चार जुड्या उरल्या. वासुदेवरावांनी फटफटीकडे पाहिलं. मग घमेल्याकडे. मग पुन्हा फटफटीकडे.

"मनकर्णाबाई, मले मोहाडीले जा लागते. एवढं तुमीच बुडवून घ्या."

"जा जी, बिनघोर जा," ती वाकल्या वाकल्याच म्हणाली. "आमी टाकतो अंदाजानं. नाहीतं पुरा डब्बाच ओतून देतो, झंझटच नाही."

वासुदेवराव दोन पावलं गेले, परत आले आणि डबा काखेत मारून घमेल्यापाशी उभे राहिले. माझ्या शेजारची रुपा तोंडात पदर कोंबून हसत होती. मी तिला कोपर मारलं.

शेवटची जुडी रोवून झाली. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हाच पळायला हवं होतं. पण घमेल्याच्या तळाला गिलासभर ह्युमिक उरलेलं! ते टाकून जाईल तो वासुदेवराव कसला? ओणवे होऊन ते रोपांवर शिंपडायला लागले, तेवढ्यात मनकर्णाबाईने मागून सदरा धरला.

आम्ही सगळ्या तुटून पडलो. घमेलं त्यांच्याच अंगावर उलटलं, मिशांवरून काळे ओघळ निघाले. माणूस ओरडला, पण तोंड काळं झालं म्हणून नाही.

"अवो, वाया चाल्लं नं! महाग हाये ते!"

"वाया कायले जाते जी," दोन्ही हातांनी चिखल थापत मनकर्णाबाई म्हणाली. "यानं कडक जमीन नरम होते म्हंतात. मालक होते का पाहू!"

"बरं, चहा-पोहे देतो!"

आम्ही थापतच राहिलो.

"कोंबडी देतो!"

तरी थापतच राहिलो. कानात चिखल गेला तेव्हा ते कळवळून ओरडले, "बकरा! बकरा देतो पुऱ्या टोळीले!"

आमचे हात थांबले. जिंकलो होतो आम्ही! रुपाने तर तिथेच टाळ्या पिटल्या. मनकर्णाबाईने मात्र वाकून आणखी एक ओंजळ उचलली.

"अवो मनकर्णाबाई, म्हटलं नं बकरा! आयकू नाही आलं का?"

"आलं जी," ती म्हणाली, आणि तिने ती ओंजळ त्यांच्या टकलावर सावकाश, मायेने पसरली. "हा चिखल मांगच्या सालांचा हाये."