बोडणाची कुमारिका

आजच्या पुण्यात पुरणपोळी हवी तेवढी विकत मिळते, कुमारिका मात्र मिळत नाही. नारायण पेठेतल्या केदारच्या घरी मुलाचं, अर्णवचं, लग्न झालं. सून घरात आली आणि कोकणस्थांच्या कुळाचाराप्रमाणे बोडण भरायचं ठरलं, तेव्हा नेमकी हीच पंचाईत झाली. सवाष्णी मिळाल्या, पण नात्यातल्या लहान मुली कोणी अमेरिकेत, कोणी बंगळूरला. अशा अडचणीच्या वेळी केदारच्या आईला आपली लेक आठवली. खरं तर लेक नव्हे, लेकीची धाकटी मुलगी आठवली.

लेकीचं नाव हेमा. ती हडपसरला राहायची. नवरा चेतन मूळचा मांजरीचा, बौद्ध घरातला, हेमाच्याच ऑफिसातला इंजिनिअर. माणसात खोट काढायला माहेरच्यांना जमेना, म्हणून त्यांनी त्याचं नावच टाकलं. लग्नाला कोणी आलं नाही, थोरली मुलगी अक्षता झाली तेव्हाही कोणी फिरकलं नाही. तीन वर्षांनी स्पृहा झाली. केदारने कुणाच्या तरी फोनवर तिचा फोटो पाहिला आणि आईला दाखवला. गोरीपान पोर, डोळे थेट आजीसारखे घारे. "खाण तशी माती हो!" आजी म्हणाली, आणि पुढच्या दिवाळीला एक खणाचं परकर-पोलकं हडपसरला आलं. एकच. अक्षता बापासारखी सावळी, भरघोस केसांची, मोठ्या काळ्या डोळ्यांची. ती कुठल्या खाणीतली, हे कोणी विचारलं नाही.

तिकडे मांजरीलाही सगळं गोडच होतं असं नाही. जयंतीच्या दिवशी विहाराबाहेर एखादी बाई स्पृहाकडे बघून म्हणायचीच, "ही बामनाची कुणाची गं?" तेव्हा चेतनची आई, शालन, पोरीला कडेवर उचलून घ्यायची. "माझी हाय. डोळे कसले बगती, नाक बग की, चेतनच्या चुलत्याचं, तात्यारावाचं हाय," असं म्हणून विषय मिटवायची. हेमाला त्या वेळी फार बरं वाटायचं. आणि लगेच वाईटही वाटायचं, कारण आपली आई अक्षताला असं कधी कडेवर घेणार नाही हे तिला ठाऊक होतं.

आईचा फोन आला तेव्हा हेमा कणीक मळत होती. "हेमे," आई म्हणाली. या एका हाकेसाठी ती किती वर्षं झुरली होती! पुढचं बोलणं तिच्या कानात शिरायला जरा वेळच लागला. "शुक्रवारी बोडण आहे. धाकटीला घेऊन ये, कुमारिका म्हणून बसवू. थोरलीची शाळा असेल ना?"

दोघींची शाळा एकच होती, पण हेमा म्हणाली, "हो, असेल."

चेतनने ऐकून घेतलं. "माहेरी जायला मी तुला कधी अडवलंय का? जा. फक्त अक्षूला काय सांगायचं ते तूच सांग, मला सांगायला लावू नकोस."

हेमाने सांगितलं की चाचणी आहे, बुडवायची नाही. अक्षता दहा वर्षांची होती, आणि चाचणी कधी आहे हे तिला आईपेक्षा जास्त माहीत होतं. तिने वाद घातला नाही. शुक्रवारी सकाळी आपलं दप्तर भरून झाल्यावर तिने स्पृहाच्या दोन घट्ट वेण्या घातल्या. "तिथे सगळ्या मिळून परातीत कालवतात. आईने सांगितलंय मला," ती म्हणाली. "तू देवी असतेस. तू मागशील ते द्यावंच लागतं. नाही म्हणायचंच नसतं. भरपूर मध माग." बोडणाच्या गोष्टी हेमाने दोघींना शेजारी निजवून सांगितल्या होत्या. तेव्हा तिला वाटलं होतं, गोष्टच तर आहे.

नारायण पेठेत जुन्या घराच्या जागी आता लिफ्टची इमारत होती. स्वयंपाकघरातून तोच उदबत्तीचा, तोच पुरणाचा वास आला आणि हेमा उंबऱ्यातच थांबली. आईने तिच्या तोंडावरून हात फिरवला. पण बोडण भरायला बसताना म्हणाली, "तू दाराशी बस हं. बघ नुसतं. हात नको लावूस."

पुरुषांना बाहेर घालवून दार लावलं. मोठ्या परातीत अन्नपूर्णा ठेवली, भोवती सवाष्णी आणि त्यांच्यामधे घाऱ्या डोळ्यांची स्पृहा. पुरणपोळ्या कुस्करल्या, त्यावर दूध, दही, तूप, मध, साखर पडत गेली. सगळ्यांचे हात एकाच परातीत फिरू लागले. कोणतं दूध नि कोणतं दही, कोणाचे हात कुठे, काही कळेनासं झालं. बाईमाणसांच्या कुळाचारात इतकं बेधडक सगळं एक होताना दुसरीकडे कुठे दिसायचं नाही.

"अगदी आपल्यातली दिसते हो," हेमाची आत्या म्हणाली. "सांगितल्याशिवाय कुण्णाला कळणार नाही."

"काय कळणार नाही?" स्पृहाने विचारलं.

"काही नाही गं. सांग, देवीला काय हवं?"

"मध!" मध आला. "अजून मध!" अजून आला. सगळ्या हसल्या, पोरगी खुलली, कोपरापर्यंत माखली. हेमाही हसली. इतकी वर्षं हरवलेलं माहेर एका परातीत परत मिळत होतं, आणि ते मोडू नये म्हणून ती श्वाससुद्धा बेताने घेत होती.

"बोल, आणखी काय हवं?" आजीने लाडाने विचारलं.

"अक्षूताई," स्पृहा म्हणाली. "तिला बोलवा. तिला पण कालवायचंय."

परातीतले हात थांबले. आत्याने हेमाच्या वहिनीकडे, केदारच्या बायकोकडे, पाहिलं, वहिनीने सासूकडे. देवीला नाही म्हणायचं नसतं. आजी नाही म्हणाली नाही.

"दूध घाला गं," ती म्हणाली. "दूध मागतेय पोर."

वहिनीने दूध ओतलं.

"दूध नको. ताई."

"घाला, घाला, अजून घाला." दूध परातीच्या काठाला आलं, स्पृहाच्या खणाच्या परकरावर सांडलं. तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. "आई, तू सांग ना यांना!"

हेमाने तोंड उघडलं. एवढंच म्हणायचं होतं, की माझ्या दोन मुली आहेत. पण आईची नजर तिच्यावर होती. रागाची नव्हती, विनवणीची होती, आणि त्याच नजरेत ती 'हेमे' हाक होती. हेमाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खाली पाहिलं.

स्पृहाने ते पाहिलं. मग तिने हात परातीतून काढून घेतले.

"बास. झालं माझं."

"तृप्त झाली हो देवी!" आत्या म्हणाली, आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला. गाईसाठी बोडण काढून ठेवलं, कुमारिकेची ओटी भरली. आईने निरोप देताना म्हटलं, "येत जा गं अशीच." अशीच म्हणजे कशी, हे हेमाला नीट कळलं. रिक्षात बसल्यावर तिला रडू फुटलं, पण स्पृहा तिच्या जवळ सरकली नाही. दुसऱ्या बाजूला खेटून बाहेर बघत बसली.

संध्याकाळी अक्षता शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच बहिणीकडे धावली. तिचे हात धरून नाकाशी नेले. "किती छान वास येतोय गं! अजून येतोय. सांग ना, काय काय मागितलंस?"

हेमा ओट्याशी उभी होती. स्पृहाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. सात वर्षांची पोर, आजवर तिच्या पोटात कसली गोष्ट राहिली नव्हती.

"मध," ती म्हणाली. "आणि दूध."

"आणि?"

"आणि काही नाही."

अक्षताने मान डोलावली. बहिणीच्या परकरावरचा वाळलेला दुधाचा डाग तिने नखाने खरवडून बघितला, आणि धुतला की जाईल, असं तिला समजावू लागली.