बाप्याचा पाय

तिसऱ्यांदा दमयंतीचा पाय सुशांतच्या बुटावर पडला आणि या खेपेला तो "असू दे, असू दे" म्हणाला नाही. त्याने पाय मागे घेतला आणि खाली वाकून नाडी बांधल्यासारखं केलं. नाडी सुटलेली नव्हती.

निकेशने टेपरेकॉर्डर बंद केला.

"मॅडम, एकला तुमचा उजवा मागे. सर डावा पुढे टाकतील, तुम्ही त्यांना जागा करून द्यायची. बस, एवढंच."

दमयंतीने मान हलवली. हे तिला कळत होतं. घरी ओट्याला धरून तिने ते कितीदा केलं होतं, आणि एकटी असली की उजवा पाय बरोबर मागे जायचा. पण समोर माणूस उभा राहिला, त्याचा हात हातात आला आणि निकेशने "एक" म्हटलं, की तिचा डावा पाय आपसूक पुढे निघायचा. पुन्हा गाणं लागलं. एक, दोन, तीन, थांबा. पाच, सहा, सात, थांबा. चौथ्या वेळी सुशांतने आधीच आपला बूट बाजूला घेतला होता.

पनवेलजवळच्या विचुंबे गावात तुळशीराम नावाच्या एका गावकऱ्याच्या नव्या घराच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग भरायचा. भिंतींना अजून गिलावा नव्हता, पण फरशी गुळगुळीत होती. निकेश हा तुळशीरामचा मुलगा. मालवाहू जहाजावर भटारखान्यात कामाला. एकदा त्याचं जहाज कोलंबियाच्या एका बंदरात दुरुस्तीसाठी तीन महिने अडकून पडलं, तेव्हा गोदीतल्या लोकांनी त्याला साल्सा शिकवला. आता पुढच्या जहाजाचं बोलावणं येईपर्यंत घरी बसून करायचं काय, म्हणून त्याने नवीन पनवेलच्या भाजीबाजारात हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता. ‘साल्सा नृत्य शिका. दर रविवारी चार वाजता. वयाची अट नाही.’

दमयंती कारखानीस शेवटच्या ओळीशी थांबली होती. सरकारी कचेरीत चोवीस वर्षं तिने वयाच्या अटीत न बसणारे अर्ज बाजूला काढले होते. अट नाही म्हणणारा कागद तिने पहिल्यांदाच पाहिला. ती शेहेचाळीस वर्षांची होती. लग्न केलेलं नव्हतं, आणि श्रावणात आई गेल्यापासून खांदा कॉलनीतल्या घरात एकटीच होती. मेथीची जुडी पिशवीत घालता घालता तिने पत्ता लिहून घेतला.

वर्गात चार जोडपी होती आणि दमयंती. पाचवा पुरुष म्हणजे निकेश. दर गाण्याला जोडीदार बदलायचा, त्यामुळे एव्हाना प्रत्येकाच्या बुटावर दमयंतीचा पाय पडला होता.

त्या रविवारी वर्ग सुटल्यावर ती पर्स घ्यायला मागे राहिली. जिन्याच्या वळणाशी आली तेव्हा खाली सुशांतचा आवाज आला. तो बायकोला सांगत होता, की कारखानीस मॅडमबरोबर नाचायचं म्हणजे भरलेलं लोखंडी कपाट सरकवायचं. मिताली हसली, मग तिनेच त्याला गप्प केलं. त्यांची स्कूटर सुरू होऊन लांब जाईपर्यंत दमयंती कठड्याला हात लावून वरच थांबली.

घरी आली तर फोन वाजत होता. तिचा धाकटा भाऊ विश्वजीत दर रविवारी ठाण्याहून फोन करायचा आणि बोलणं फिरून फिरून एकाच जागी यायचं. तिने ठाण्याला बदली मागून घ्यावी. त्यांच्याकडे एक खोली रिकामी आहे, मुलंही आत्या आत्या करतात, आणि त्याची बायको नोकरीवरून यायच्या आत कुणीतरी घरात हवं असतं. यात लपवाछपवी काही नव्हती. विश्वजीतला तिच्याबद्दल माया होती आणि गरजही होती, आणि दोन्ही तो एका दमात बोलायचा. एरवी दमयंती "बघते" म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "टाकते अर्ज." फोन ठेवल्यावर बराच वेळ तिने पायातल्या चपलाही काढल्या नाहीत.

पुढच्या रविवारी ती साडेतीनलाच विचुंब्याला गेली. न सांगता येणं बंद करणं तिच्या स्वभावात नव्हतं. निकेशला भेटायचं, आपल्याच्यानं होत नाही म्हणून सांगायचं आणि परत फिरायचं, एवढं तिने रिक्षात ठरवून टाकलं होतं.

वर निकेश नव्हता. त्याची आई भामा हॉल झाडत होती. पन्नाशी ओलांडलेली, घट्ट बांध्याची, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली बाई. दर रविवारी ती जिन्याच्या वरच्या पायरीवर सूप घेऊन वाल निवडत बसलेली असायची, आणि येणारेजाणारे तिच्या बाजूने अंग चोरून जायचे. तिच्याशी बोलायची वेळ दमयंतीवर कधी आली नव्हती.

पोरगा पनवेलला गेलाय, आता येईल, बसा, असं भामा म्हणाली. दमयंती म्हणाली, बसत नाही, फक्त निरोप द्या, पुढच्या रविवारपासून मी येणार नाही.

"का वो?"

"जमत नाही मला."

भामाने केरसुणी भिंतीला टेकवली.

"जमत नाय कसा? सगल्यांत चांगला तुमाला जमते. तुमी फकस्त बाप्याचा पाय टाकता."

दमयंतीला आधी काही उमगलंच नाही. मग भामाने तिला फरशीवर दाखवून दिलं. बाप्यांनी डावा पुढं टाकायचा, बायांनी उजवा मागं घ्यायचा. ते बाकीचे बाप्ये पाय टाकू की नको करत उभे असतात, तोवर तुमी निघालेल्या असता. तुमी त्यांना नेता. त्यांना ते चालत नाय, मग पायावर पाय. तिने हे सगळं वाल निवडता निवडता पाहिलेलं होतं, आणि कुणाचा पाय कुठे चुकतो ते तिला नावानिशी सांगता येत होतं.

"मला बायचा पाय येतो," भामा आवाज जरा खाली आणून म्हणाली. "पन मी हात कुनाचा धरू? परक्या बाप्याचा धरला तर गाव बोलल. आनि घरचा बाप्या..." खाली पडवीतून तुळशीरामच्या घोरण्याचा आवाज येत होता.

मग भामाने धुळीचे हात लुगड्याला पुसले आणि पुढे केले.

टेप लावायची कशी ते दोघींनाही माहीत नव्हतं. दमयंतीने डावा हात भामाच्या हातात दिला आणि उजवा तिच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली ठेवला. "एक," ती म्हणाली. तिचा डावा पाय पुढे गेला आणि समोर जागा होती.

"दोन. तीन."

चौथ्या मात्रेवर दोघी थांबल्या. दमयंतीचा पाठीवरचा तळहात भामाच्या अंगाचा भार कुठे आहे ते सांगत होता. उजव्या पायावर आहे, आता डाव्यावर जाईल, आता गेला. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आई सात वर्षं अंथरुणाला खिळून होती. सकाळी आणि संध्याकाळी दमयंती तिच्या मानेखाली एक हात घालायची, गुडघ्यांखाली दुसरा, आणि म्हणायची, "एक, दोन, तीन." तीनला उचलायचं. आधी उचललं तर आई दचकायची, उशीर झाला तर तिचा श्वास अडकायचा. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, भार कुठून कुठे जाणार ते माणूस हलण्याआधी हाताला कळावं लागे. आई गेली, पलंग वृद्धाश्रमाला देऊन झाला, पण हात शिकले होते ते शिकलेलेच राहिले होते.

तिने डावा हात वर उचलला. भामा त्याखालून गर्रकन वळली आणि बरोबर जागेवर येऊन उभी राहिली.

"हात पाठीला असला म्हंजे पडायची भीती वाटत नाय," भामा धापा टाकत म्हणाली.

दमयंतीने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला.

"आईला उचलायचे मी. सात वर्षं."

"मंग बराबर हाय," भामा म्हणाली, आणि पुन्हा हात पुढे केले.

निकेश आला तेव्हा त्या हॉलच्या मधोमध होत्या. आपली आई नाचताना त्याने हळदीला, होळीला शेकडो वेळा पाहिली होती, पण ही अशी नाही. तो दारातच थांबला. हसला नाही. मग पुढे होऊन त्याने कॅसेट घातली आणि आवाज थोडा वाढवला. निरोप द्यायचा राहून गेला, तो राहूनच गेला.

त्या दिवसापासून दमयंती पुरुषांच्या रांगेत उभी राहू लागली आणि भामा तिच्या समोर. पहिल्या रविवारी बाकीचे जरा अवघडले, दुसऱ्या रविवारी सवय झाली. महिन्याभराने सुशांत गाणं संपल्यावर तिच्याजवळ आला आणि कान खाजवत विचारू लागला, की मितालीला वळवताना तिचा हात नेहमी पिरगळतो, तुम्ही कसं करता. दमयंतीने त्याचा हात धरून दाखवलं.

"ओढू नका. आपण कुठे निघालोय ते तिला आधी कळू द्या. मग ती आपण होऊन येते."

त्याने तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा मिताली वळून आली आणि हात न चोळता उभी राहिली.

अशाच एका रविवारी रात्री विश्वजीतचा फोन आला. अर्ज टाकला का, त्याने विचारलं. नाही टाकला, आणि टाकणारही नाही, तिने सांगितलं. एकटी किती दिवस राहशील, हे त्याने दोन-तीन वेगळ्या तऱ्हांनी विचारून पाहिलं. ती म्हणाली, मुलांना सुटीत इकडे पाठव, हवे तितके दिवस ठेवून घेईन, फक्त रविवारी चार ते सहा मी नसते. कुठे असतेस, तेही तिने सांगून टाकलं. त्यावर विश्वजीतने एवढंच विचारलं,

"ताई, तुझ्या गुडघ्यांचं काय?"

"तेही येतात बरोबर," दमयंती म्हणाली. मग दोघंही हसली, आणि बदलीचा विषय त्या दिवसापुरता तरी मागे पडला.

फेब्रुवारीत निकेशला कंपनीचं पत्र आलं. आठ दिवसांत निघायचं होतं. शेवटच्या रविवारी मितालीने पेढे आणले, सगळ्यांनी त्याचा पत्ता लिहून घेतला, आणि वर्ग पुन्हा सुरू झाला की कळवा, असं एकमेकांना सांगत जोडपी जिना उतरून गेली. दमयंतीने टेपरेकॉर्डरवर कापड घातलं. भामा मुलाच्या बॅगेसाठी चटण्या कुटायला खाली गेली होती, तिची गाठ पडली नाही.

पुढच्या शनिवारी तुळशीराम कधी नव्हे तो खांदा कॉलनीत आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. पाणी घेतलं, बसला नाही. घरवालीने उद्या चारला बोलावलंय, एवढंच तो म्हणाला. काय काम आहे, असं दमयंतीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बायांच्यात काय चाललाय ता मना नको विचारू, बाय. जिना झाडून ठेव म्हनली, मी झाडला."

दमयंती गेली. हॉलची फरशी धुऊन काढलेली होती. खिडक्या उघड्या होत्या आणि भिंतीला टेकून सहा बायका उभ्या होत्या. पदर खोचलेले, अंबाड्यांत अबोलीचे गजरे. एकमेकींच्या कोपरांना धरून त्या अशा उभ्या होत्या, की एक हलली असती तर सगळ्याच जिना उतरून पळाल्या असत्या. भामाने ओळख करून दिली. ही माझी जाऊ हौसा, ही पुतणी रंजिता, ह्या चौघी आळीतल्या.

"पोरगा गेला म्हनून काय हॉल बंद ठेवाचा? बाप्याला बोलावला तर ह्या येनार नायत. तुमाला दोनी पाय येतात."

"मीच अजून शिकतेय हो," दमयंती म्हणाली. "चार महिने झालेत फक्त."

"ह्यांना तर चार घटका पन नाय झाल्या."

दमयंतीने पर्स खिडकीत ठेवली आणि पदर कमरेला खोचला. कचेरीत नव्या कारकुनांना सांगावं तसं तिने सावकाश सांगितलं. नाचात दोघी असतात. एक नेते, दुसरी तिच्याबरोबर जाते. कमी-जास्त कुणी नसतं. ज्यांना न्यायचंय त्यांनी खिडकीकडे उभं राहायचं आणि ज्यांना जायचंय त्यांनी भिंतीपाशीच थांबायचं.

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. रंजिता आधी निघाली. तिच्यामागे आळीतल्या दोघी, मग उरलेल्या दोघी, आणि सगळ्यांत शेवटी, भिंतीवर हात ठेवून जराशी रेंगाळून, हौसा. बघता बघता सहाही जणी खिडकीकडे जाऊन उभ्या राहिल्या. भिंतीपाशी कुणीच उरलं नाही.

भामा तोंडावर पदर धरून हसू लागली.

दमयंती रिकाम्या बाजूकडे बघत क्षणभर उभी राहिली. मग ती हॉल ओलांडून तिकडे गेली, भिंतीला पाठ करून वळली आणि हौसाला बोट करून बोलावलं. हौसा जवळ आली. तिचा तळवा खरखरीत आणि थंडगार होता. दुसरा हात पाठीवर कुठे ठेवायचा ते तिला समजेना. दमयंतीने तो धरून खांद्याखाली ठेवून दिला.

"कुटं नेऊ तुमाला?" हौसा घाबऱ्या आवाजात म्हणाली.

"ते तुम्ही ठरवायचं."

हौसाने हॉलभर नजर फिरवली. इतक्या मोठ्या जागेत आपण म्हणू तिकडे जायचं, असं तिला पूर्वी कधी कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. खिडकीबाहेर दूरवर डोंगराची निळी कड दिसत होती. तिने तिकडे पाहिलं, ओठ मिटून घेतले आणि दमयंतीच्या पाठीवर हाताचा जरासा दाब दिला.

दमयंतीने डोळे मिटले आणि ती निघाली.