मास्तरांच्या खाटेएवढं दार

"वैनी, निजल्या मानसाच्या अंगावरनं मापाची काठी न्हेत न्हाईत," अंबाजी सुतार म्हणाला आणि हातातली बांबूची कामटी त्यानं चटका बसल्यासारखी मागे घेतली. "ते माप येगळं असतं."

"मग मला उभा कर," खाटेवरून माधव मास्तर म्हणाले. "म्हणजे दाराची उंचीही कळेल."

अंबाजी हसला नाही. गोदू हसली. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला नवरा थट्टा करतोय, म्हणजे आजचा दिवस बरा आहे, एवढं तिला ठाऊक होतं.

थळच्या त्या घरात मास्तरांची खोली मागच्या पोफळींच्या वाडीच्या बाजूला होती. पण वाडीकडे एकच खिडकी, तीही त्यांच्या डोक्यामागे. ती फोडून जमिनीपर्यंत न्यायची आणि तिथं दोन झडपांचं काचेचं दार बसवायचं, असं गोदूनं मनाशी पक्कं केलं होतं. किहीमला एका पारशाच्या बंगल्यात तिनं तसलं दार पाहिलं होतं. काच अशासाठी, की पावसाळ्यात दार बंद असलं तरी आतून पोफळी दिसाव्यात. आणि दोन झडपा अशासाठी, की दोन्ही उघडल्या म्हणजे खाट मास्तरांसकट पडवीत सरकवता यावी.

सगळं घोडं त्या ‘मास्तरांसकट’पाशी अडलं होतं. शाळेत फळ्यापुढे ते कोसळले, तेव्हा चार जणांनी त्यांना घोंगडीच्या झोळीत घालून भर बाजारातून घरी आणलं होतं. मागे वर्गातली सगळी पोरं. डावं अंग गेलं, वाचा राहिली. आणि त्या वाचेनं पहिलं काही सांगितलं असेल तर ते हे, की यापुढे परक्याचा हात मला लागता कामा नये. डॉक्टर सांगून थकले. सख्खे थोरले भाऊ रुसून मुंबईला निघून गेले. तेव्हापासून मास्तरांना उचलणं, कुशीवर वळवणं, आंघोळ घालणं, सगळं गोदू एकटी करत होती. आळीतल्या बायका तिला सावित्री म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जातं? तिला एवढंच हवं होतं, की या माणसाच्या डोळ्यांना आढ्याखेरीज दुसरं काही दिसावं. नाहीतर हा असाच वर बघत बघत संपून जाईल, ही भीती तिला भाकरी थापतानाही सोडत नसे.

शेवटी काठीच्या बाबतीत तोड निघाली. मास्तरांची उशी काढायची आणि त्यांच्या डोक्याच्या पलीकडे, खाटेच्या उशाकडच्या बाजूलाच कामटी धरायची. म्हणजे अंगावरून काही जायला नको. अंबाजीनं कामटीवर सुरीनं खूण केली. मग ती खिडकीच्या जागी वर, मध्ये, खाली धरून पाहिली. चौकट आणि झडपा यांच्यासाठी दोन्हीकडे जागा सोडली, ओळंबा लावला आणि कोळशानं भिंतीवर रेघा ओढल्या.

"पुरेल ना रे?" गोदूनं विचारलं.

"खाट जाऊन बोटभर उरंल, वैनी. यापरीस भिताड फोडवत न्हाय. वरचा वासा खाली बसंल."

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीच्या मे महिन्यात दार उभं राहिलं. काचा मुंबईहून रेवसच्या बोटीनं पेंढ्यात गुंडाळून आल्या आणि नवल म्हणजे एकही फुटली नाही. त्या सकाळी गोदूनं मास्तरांची दाढी केली, धुवट सदरा घातला. अंबाजी पडवीत उभा राहून उशाकडून ओढू लागला, गोदू आतून पायथ्याकडून ढकलू लागली.

मास्तरांचं डोकं उंबऱ्याबाहेर गेलं. खांदे गेले, कंबर गेली, गुडघे गेले. आणि थेट गोदूच्या हातांपाशी खाट कचकन अडली. पुढे जाईना, मागे येईना.

अंबाजी वाकून वाकून बघू लागला. पायथ्याकडचा एक खूर बाकीच्या तिघांपेक्षा चांगला जाड होता आणि बाहेर आलेला होता; माप घेतलं होतं ते उशाकडचं.

"ह्यो कुना शान्यानं घातला?"

"तूच," गोदू म्हणाली. "जुन्याला वाळवी लागली होती तेव्हा. फणसाचा आहे, जन्मभर बघायला नको, म्हणालास."

अंबाजीनं कपाळाला हात लावला. गोदूला रडावं की हसावं कळेना. एवढी भिंत फोडली, आणि अडलं ते एका खुरापाशी.

"खूर काढून तासतो," अंबाजी पुटपुटला. "पर मास्तरांना उतरवाया लागंल."

"थांबा जरा," मास्तर म्हणाले. ते वर पोफळींच्या शेंड्यांकडे बघत होते. "मला कुठं गाडी गाठायची नाही. आधी चहा आण."

खाटेनं दार अडवलेलं, त्यामुळे गोदूला पडवीत जायला वाटच उरली नव्हती. तिनं चहा केला आणि कप घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली. विहिरीला वळसा घालून, पाटाच्या कडेकडेनं ती येऊ लागली. मास्तर मान वळवून तिच्याचकडे बघत होते. गेली दोन वर्षं ती त्यांना दिसायची ती तोंडावर वाकलेली, नाहीतर नुसते हातच. इतक्या लांबून ती चालत येताना ते आज बघत होते. चाळिशी उलटलेल्या गोदूला उगीचच लाजल्यासारखं झालं. तिनं पदर सारखा केला.

ती पायरी चढून आली. मास्तरांनी कप घेतला नाही.

"अगं, तू लंगडतेस."

"कुठं? काहीतरीच तुमचं."

"कमरेत वाकली आहेस. उजवा खांदा पार उतरलाय. कधीपासून?"

"चहा घ्या. गार होतोय."

गोदूला वाटलं, यांना बाहेर आणलं ते झाडं दाखवायला, आणि यांनी बघितलं काय! कमरेचं दुखणं तिनं स्वतःलासुद्धा धडपणे सांगितलं नव्हतं.

"अंबाजी," मास्तर म्हणाले, "इकडे ये. मला उतरव."

अंबाजी गोदूकडे बघू लागला. गोदूनं कप खाली ठेवला आणि सवयीनं पुढे वाकून मास्तरांच्या मानेखाली हात घालायला गेली.

"तू नको," मास्तर म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "त्याला उचलू दे. आजपासून त्यालाच बोलवत जा."

अंबाजीनं दोन्ही हात धोतराला पुसले, खाली वाकला आणि मास्तरांना अलगद उचलून घेतलं. मास्तरांनी ओठ घट्ट मिटले होते, पण त्यांचा चांगला हात अंबाजीच्या मानेभोवती गेला. गोदूचे हात तसेच पुढे राहिले होते. ते आता कुठं ठेवावेत, हे तिला सुचेना.