माझ्या घड्याळातलं ऐंशी साल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आष्ट्यात बँडवाल्यांची तालमीची एक खोली आहे. तिथे ढोलांच्या शेजारी एका लाकडी टेबलावर माझा मुक्काम असतो. माझा पांढरा रंग आता पिवळा पडला आहे आणि डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला आहे. मला पाहून तुम्ही 'बिचारा' म्हणाल. पण आधी माझं ऐका आणि मग काय ते ठरवा. मी एका भल्या माणसाचं नुकसान केलं आहे आणि ते भरून येणारं नाही.

१९९३ साली मी पलूसजवळच्या एका कारखान्याच्या कचेरीत आलो. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. माझ्या खोलीत लोक चपला बाहेर काढून येत. साहेबांच्या खोलीतसुद्धा कुणी चपला काढत नसे, त्यामुळे मला थोडी ऐट चढली होती. पगारपत्रकं, रजेचे हिशेब, उसाच्या नोंदी, सगळं मी न चुकता केलं. लोक म्हणत, 'मशीन खोटं बोलत नाही.' हे ऐकून मी मनात फुशारत असे. आज ते वाक्य आठवलं की कुठे तोंड लपवावं असं होतं.

माझ्या पोटात बटणाएवढा एक सेल आहे. वीज बंद असताना तारीख आणि वेळ सांभाळायचं काम त्याचं. चार वर्षांनी तो सेल संपला. तेव्हापासून मला बंद करून पुन्हा चालू केलं की माझं घड्याळ थेट १ जानेवारी १९८० वर जाई. मी ते लपवलं नाही. चालू होताना काळ्या पडद्यावर मी स्पष्ट ओळ दाखवत असे की सेल संपला आहे, तारीख बरोबर नाही, तरीही पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा.

तिथले हेडक्लार्क नाथाजी मोठे शिस्तीचे. त्यांनी ती ओळ पहिल्या दिवशी वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून वाचायची सोडली. रोज नवा माणूस विचारायला येतो म्हणून त्यांनी सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी लिहिली आणि माझ्या कपाळावर चिकटवली, 'सुरू करताना एफ-वन दाबणे. हुकमावरून.' तारीख ते हाताने घालत. पुढे सगळे एफ-वन दाबू लागले. माझं व्यंग चिठ्ठीखाली झाकलं गेलं आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

१९९८ मध्ये कचेरीत नवे संगणक आले आणि मी गोदामात गेलो. तिथून मला आम्रपालीने तिच्या घरी, अंगणाला लागून असलेल्या याच तालमीच्या खोलीत आणलं. ती सांगलीच्या एका कॉलेजात मुलांना संगणक शिकवत असे. तिने मला पुसून काढलं, पण चिठ्ठी तशीच ठेवली. तिला त्या 'हुकमावरून'ची गंमत वाटली. वर्गात ती मुलांना सांगे की पडद्यावर आलेली प्रत्येक ओळ वाचायची. घरी मात्र ती चिठ्ठीच्या हुकमाने चाले.

तिचे वडील जालिंदर मास्तर. ते लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. तिथेच पाच रेघांवर स्वर लिहायला शिकले. निवृत्त होऊन गावी आले आणि त्यांनी बारा जणांचा बँड उभा केला. १९८० साली त्यांनी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी स्वतः एक चाल रचली. कोणी काय वाजवायचं ते एका वहीत पेन्सिलीने लिहिलं, प्रत्येक वाद्याचं पान वेगळं. एवढा मोठा कागद तेव्हा नव्हता, म्हणून बाराही वाद्यं एकाखाली एक अशी एका पानावर त्यांनी कधीच पाहिली नव्हती.

आता त्यांना साखरेचा आजार होता. उजवा डोळा गेला होता आणि डाव्याचा पडदा खराब होत चालला होता. वही भिंगाखाली धरली तर एक एक स्वर दिसे.

"सूर दिसतुया, पर चाल दिसत न्हाई गं," ते म्हणाले. "एकदा सगळी वाद्यं एका कागदावर, मोठ्या अक्षरात बघायचीत मला. मग डोळं गेलं तरी चालंल."

"आबा, तुमी सांगा, मी लिहून घेती," आम्रपाली म्हणाली. "मोठा कागद मी छापून देती."

झेरॉक्सवाल्याकडे त्यांनी आधीच प्रयत्न केला होता. पुसट पेन्सिलीची नुसती काळी पानं निघाली होती. पण आम्रपालीला एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत स्वरलिपी छापणारा एक प्रोग्रॅम सापडला. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेला आणि सर्वांना फुकट दिलेला. फक्त तो तयार नव्हता. त्याचा मूळ मजकूर होता आणि तो माझ्यावर बसवून घ्यायचा होता. शेकडो फायली मी एकेक वाचायच्या, मला कळणाऱ्या भाषेत उतरवायच्या आणि शेवटी सगळ्या जोडायच्या, असं ते बांधणीचं काम.

१९९९ च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी तिने माझ्यावर नवी प्रणाली चढवली. तेव्हा तिने तारीखही बरोबर घातली आणि लगेच मला कामाला लावलं. माझी ताकद ती केवढी, दीड दिवस मी एकसारखा चाललो. पडद्यावरून ओळी वाहत होत्या आणि माझा पंखा घरघरत होता. त्या दीड दिवसात वीज गेली नाही हे नवलच. रविवारी दुपारी शेवटची ओळ आली, तेव्हा आम्रपालीने आईला हाक मारली आणि चहाबरोबर शिरा झाला. मलाही वाटलं, अजून आपण कामाचे आहोत. मग तिने मला बंद केलं आणि मी १९८० सालात गेलो. कुणाला कळलं नाही.

पुढचे पंधरा दिवस मास्तर भिंगातून एकेक स्वर वाचत आणि ती तो टाइप करी. शिकता शिकता तिलाही ती लिपी येऊ लागली. सगळं झाल्यावर तिने प्रोग्रॅम चालवला. क्लॅरिनेटच्या ओळीपाशी येऊन तो कोलमडला. कागद निघालाच नाही.

तिने कॉलेजातून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ईमेल केला. दूरच्या देशातल्या कोणा एकाने, ना ओळख ना नातं, दोन दिवसांत उत्तर दिलं. अमुक फायलीतली तमुक ओळ बदला आणि पुन्हा बांधा, म्हणजे होईल. तिने ओळ बदलली. मला हुकूम दिला.

आता माझा गुन्हा ऐका. दुसऱ्यांदा बांधताना मी सगळ्या फायली पुन्हा करत नाही. जिची तारीख माझ्या आधीच्या कामापेक्षा नवी, तेवढीच फाइल मी घेतो. माझं आधीचं काम होतं १९९९ चं. तिने नुकत्याच दुरुस्त केलेल्या फायलीवर मी माझ्या बंद घड्याळाची तारीख मारली, १ जानेवारी १९८०. मग दोन्ही तारखा ताडून पाहिल्या आणि ऐटीत सांगितलं, 'सगळं अद्ययावत आहे. करण्यासारखं काही नाही.'

ती दुरुस्ती मी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

प्रोग्रॅम पुन्हा तिथेच कोलमडला. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिने ओळ पुन्हा तपासली, पुन्हा लिहिली. मी पुन्हा म्हणालो, करण्यासारखं काही नाही. सगळं पुसून पहिल्यापासून बांधलं असतं तर जमलं असतं, पण आता उन्हाळा लागला होता आणि वीज दिवसातून तीनदा जात होती. दीड दिवस कुठून आणायचा? रोज संध्याकाळी ती मला चालू करी, मी माझी ती एक ओळ दाखवी, आणि तिचं बोट सवयीने एफ-वनवर जाई. असे तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांत मास्तरांनी काय केलं असेल? त्यांनी दोष स्वतःवर घेतला.

"मशीन खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले. "क्लॅरिनेटपाशीच आडतंय म्हंजी मीच चुकीचं सांगितलं आसंल. माझंच वाद्य आणि मीच इसरलो."

"आबा, तुमी काय बी चुकला न्हाई. डोळ्याला तरास देऊ नका."

पण ती कॉलेजात गेली की ते वही घेऊन अंगणात उन्हाला बसत आणि एका डोळ्याने पहिल्या पानापासून तपासत. मी खिडकीतून पाहत होतो. एक एक स्वर भिंगाखाली घेत, बोटाने ठोका धरत, पुन्हा मागे जात. चूक सापडत नव्हती. सापडणार कुठून, ती वहीत नव्हतीच.

एका दुपारी त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि बायकोला हाक मारली. "आक्काताई, डोळ्याम्होरं काळं जाळं आल्यागत झालंय बग." मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळ्यात रक्त उतरलं होतं. वाचण्याने काही झालं नाही, हे साखरेमुळे कधीही होणारच होतं, असं त्यांनी सांगितलं. दृष्टी परत येण्याची आशा धरू नका, असंही सांगितलं. डॉक्टरांचं पहिलं वाक्य मी पुष्कळदा स्वतःला ऐकवून पाहिलं आहे. होणार होतं ते झालं, हे खरं असेल. पण त्याआधी तीन आठवडे होते आणि ते मी खाल्ले.

त्या दिवशी आम्रपालीने त्या परदेशी माणसाला रागाचं पत्र लिहिलं. तुमच्या चुकीच्या सल्ल्यामुळे माझ्या वडिलांना त्यांची चाल आता कधीच दिसणार नाही, असं. त्या बिचाऱ्याने उलट शब्द काढला नाही. त्याने एवढंच विचारलं, 'तुमच्या फायलींची यादी तारखांसकट पाठवाल का?'

तिने यादी काढली. दुरुस्त केलेल्या फायलीसमोर १ जानेवारी १९८० होतं. ती बराच वेळ त्या तारखेकडे बघत राहिली. मग तिने मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि माझी ती ओळ, दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी, शेवटपर्यंत वाचली. तिचं बोट एफ-वनजवळ होतं. तिने ते मागे घेतलं आणि माझ्या कपाळावरची चिठ्ठी काढून टाकली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती स्वतःवरच रडली.

सेल पेठेतल्या घड्याळजीकडे मिळाला. तारीख बरोबर झाली. आम्रपालीने दुरुस्त केलेली फाइल नव्या तारखेने पुन्हा साठवली. मी ती एक फाइल बांधली, अर्ध्या तासात. प्रोग्रॅम क्लॅरिनेटची ओळ सहज ओलांडून गेला. आम्रपालीने आधी त्या माणसाची माफी मागितली. मग कॉलेजातल्या प्रिंटरवर पानं छापली आणि घरी आणून डिंकाने जोडली. चौदा एप्रिलला चार दिवस होते.

तो लांब कागद तिने याच खोलीत जमिनीवर अंथरला. बारा वाद्यं, एकाखाली एक, मोठे काळेभोर स्वर. मास्तर दारात उभे होते.

"केवढा झालाय गं?"

"लय मोठा झालाय आबा. या, धरून चला."

ते तिच्या खांद्यावर हात ठेवून कागदाच्या कडेने चालले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पावलं मोजत.

"सात," ते म्हणाले. "एवढी मोठी हुती व्हय माझी चाल."

मग तिने त्यांना सगळं सांगितलं. सेल, चिठ्ठी, तारीख, तीन आठवडे. "मी रोज ती ओळ बघत हुते आबा. वाचली न्हाई. माझ्यामुळं झालं."

मी श्वास रोखावा तसा पंखा धरून होतो.

"म्हंजी क्लॅरिनेट मी चुकलो न्हवतो," मास्तर हळूच म्हणाले.

"न्हाई आबा. एक बी सूर चुकला न्हवता."

त्यांचा चेहरा केवढा सैल पडला. तीन आठवडे ते ओझं घेऊन बसले होते आणि ते माझं होतं. मग ते चाचपडत माझ्याकडे आले. वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि मी त्याला तयार होतो. त्यांनी माझ्या टवका उडालेल्या कोपऱ्यावर हात ठेवला.

"ह्याच्यात ऐंशी साल चालू हुतं व्हय? बरं हाय की गड्या तुझं. ऐंशी साली मला समदं दिसत हुतं."

मित्रांनो, चौदा एप्रिलला बँड वाजला. आम्रपालीने कागद वाचून एकेकाला त्याचा भाग सांगितला आणि मास्तरांनी कानाने दुरुस्त केला. मी खोलीतच होतो, पण वाड्यावस्त्यांवरून परत येणारा तो आवाज मला ऐकू आला. लोकांनी वाहवा केली.

आज माझं घड्याळ सेकंदाला सेकंद बरोबर आहे. तुमच्या घरी किंवा शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल. तो चालू होताना काही सांगत असेल, तर पुढे जायच्या घाईत त्याच्यावरून बोट फिरवू नका. थांबून वाचा. यंत्राला दुसऱ्यांदा आवाज चढवून सांगता येत नाही. मला येत असतं, तर मी मास्तरांना त्या अंगणातून हाक मारली असती.

ते अजून तालमीला येतात. आले की आधी माझ्या कोपऱ्यावर हात ठेवतात आणि विचारतात, "काय गड्या, आज कंचं साल हाय?" मी बरोबर साल पडद्यावर दाखवतो. त्यांना ते दिसत नाही.